फुटबॉलपटूंनी जड स्लेड ओढावी का?

मूळ मत
स्लेडवर, म्हणजे सरावात धावताना मागे ओढायच्या घसरगाडीवर, किती वजन ठेवावे, यावरून आमच्या संघात दर आठवड्याला वाद होतो. माझ्या मते ते खेळाडूच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपासच असावे. त्याहून फार जड स्लेड कमरेला बांधली की धावणे संपते आणि नांगर ओढणे सुरू होते: पाऊल जमिनीवर रेंगाळते, टप्पा आखूड होतो आणि खेळाडू कमरेतून मोडल्यासारखा वाकतो. सामन्यात असे कोणी धावत नाही.

प्रतिसाद 1
असहमत. फुटबॉलमध्ये पूर्ण वेग गाठण्याइतकी मोकळी जागा क्वचितच मिळते. चेंडू कोणाचा, हे बहुतेकदा पहिल्या पाच-दहा मीटरांतच ठरते, आणि तिथे शरीर पुढे झुकलेले असते व पायाने जमीन मागे रेटावी लागते. जड स्लेड नेमके हेच शिकवते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हौशी फुटबॉलपटूंनी आठ आठवडे स्वतःच्या वजनाच्या 80 टक्के भार ओढला. त्यांचा आडवा, म्हणजे शरीराला पुढे ढकलणारा, जोर वाढला आणि 5 मीटरची वेळही सुधारली.

मूळ मत मांडणारा
तो अभ्यास मीही वाचला आहे. त्यात स्लेड ओढणारा आणि स्लेडविना धावणारा असे दोन्ही गट मिळून खेळाडू अवघे 16 होते, आणि 20 मीटरवरची सुधारणा किरकोळ होती. एवढ्यावर साऱ्या संघाला जड स्लेडला जुंपणे मला पटत नाही.

प्रतिसाद 2
आपण दोघेही किलोंवर भांडत आहात, पण स्लेडला अडवते ते घर्षण. पावसानंतरच्या ओल्या गवतावर सहज सरकलेली स्लेड, त्याच वजनाच्या चकत्यांसह, चार दिवसांनी कोरड्या टर्फवर जागची हलेना, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे वजनाऐवजी वेग किती घटतो ते मोजावे. वेग दहा टक्क्यांनी घटला तर धावण्याची ढब जवळजवळ तशीच राहते. निम्म्यावर आला तर शक्तिनिर्मिती कमाल पातळीजवळ असते. हे दोन वेगळे व्यायाम आहेत. (वेळ मोजायला स्टॉपवॉचपेक्षा टायमिंग गेट, म्हणजे खेळाडू ओलांडताच आपोआप वेळ नोंदवणारे उपकरण, बरे; अंगठ्याची चूक सुधारणेपेक्षा मोठी निघू शकते.)

मूळ मत मांडणारा
घर्षणाचा मुद्दा मान्य. हंगामपूर्व तयारीत, दोन धावांमध्ये दोन-तीन मिनिटांची पूर्ण विश्रांती देऊन, जड स्लेडला माझी हरकत नाही. सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत मात्र मी ती मैदानावर आणू देणार नाही.

प्रतिसाद 1
आदल्या दोन दिवसांत मीही आणत नाही. पण हंगाम सुरू झाला म्हणून ती पूर्ण बंद करणे मला मान्य नाही. आठवड्यातून एकदा चार-पाच धावा तरी ठेवाव्यात.