मदत हवी आहे: चॅनेलमधल्या ऑपरेशन्सच्या दोन ऑफर्स, रिटेनर घ्यावा की पगारी नोकरी?

नमस्कार मंडळी,

आकडे न देता विचारलं तर उत्तरंही मोघम येतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. थोडं लांबेल.

मी मुंबईत एका मराठी मनोरंजन वाहिनीच्या शेड्युलिंग आणि ट्रॅफिक विभागात आहे. बीएमएम (मास मीडियाची पदवी) झाल्यावर याच चॅनेलच्या प्रोमो टीममध्ये लागले, तिथून इकडे आले, आता हाताखाली तिघं आहेत. आमचं काम बाहेर कुणाला दिसत नाही. साडेआठच्या मालिकेत पहिला ब्रेक कितव्या मिनिटाला पडणार, त्यात कोणता स्पॉट (जाहिरात) आधी, एकाच ब्रेकमध्ये दोन साबण शेजारी शेजारी येत नाहीत ना, आपला प्रोमो कुठे बसवायचा, हे सगळं आमच्या लॉगमध्ये, म्हणजे दिवसभराच्या प्रसारणाच्या क्रमवार यादीत ठरतं. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटं मिळतात, दहा जाहिरातींना आणि दोन चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोंना. या मिनिटांवर चॅनेलची मुख्य कमाई. एपिसोड उशिरा आला किंवा महाएपिसोडची लांबी आयत्या वेळी बदलली, की रात्री बसून लॉग पुन्हा बांधायचा.

सध्याचा सीटीसी (कंपनीला माझ्यामागे येणारा वर्षाचा एकूण खर्च) ९ लाख. अप्रेझलला दर वेळी ‘इंडस्ट्री टाइट आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. माझ्याबरोबर लागलेला एक सहकारी पुढे जाहिरात विक्रीत गेला, तो आज माझ्या जवळपास दुप्पट घेतो. त्याच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण तो जे सेकंद विकतो ते बिनचूक पडतात आमच्या हातून. मग एवढी तफावत का, हे मला मनापासून समजून घ्यायचं आहे.

आता दोन ऑफर्स हातात आहेत.

पहिली अंधेरीच्या एका डिजिटल कंटेंट कंपनीची. पद कंटेंट ऑपरेशन्स मॅनेजर. महिना १,१०,००० रिटेनर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर दरमहा ठरलेली फी, दहा टक्के टीडीएस कापून. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, भरपगारी रजा नाही. बिल दिल्यावर ४५ दिवसांत पैसे. दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस. कंपनी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, असंही एक कलम आहे.

दुसरी विक्रोळीच्या एका मोठ्या ब्रॉडकास्टरची, हिंदी चॅनेलवर, माझ्याच कामाची वरची पायरी. सीटीसी १३.५ लाख, त्यात २ लाख व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग). बेसिक महिना ५०,०००. कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेमचा हप्ता मिळून वर्षाचे १.२ लाख सीटीसीतच धरलेत.

मी डोंबिवलीला राहते. विक्रोळी एका गाडीत होतं, अंधेरीला घाटकोपरला उतरून मेट्रो. नवरा म्हणतो महिन्याला हातात येतंय ते बघ. सासरे म्हणतात पीएफशिवाय नोकरी ती कसली. दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारते आहे. या क्षेत्रात मॅनेजरचा पगार नेमका कशावर ठरतो, आणि या दोन आकड्यांची तुलना कशी करायची?

दहा_सेकंद

जाहिरात विक्रीत आयुष्य गेलं, त्यामुळे तफावतीबद्दल आधी लिहितो.

सेल्सवाल्याच्या नावापुढे एक आकडा असतो. या तिमाहीत याने इतके आणले, बस. इन्सेंटिव्ह त्यावर, आणि नोकरी जाते तीही त्यावर. गुरुवारी बार्कचे (टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे) आकडे घसरले की पुढच्या डीलमध्ये आमचा दर घसरतो आणि वर्षाचं टार्गेट मात्र जिथल्या तिथे राहतं. पगारात तो धोका धरलेला असतो. ट्रॅफिक, शेड्युलिंग, लायब्ररी, क्यूसी (दर्जा तपासणी) हे विभाग नफा-तोट्याच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला बसतात. खर्चाच्या बाजूच्या माणसाचं काम चोख झालं तर कुणाला काही कळतच नाही. हे अन्यायाचं आहे असंच माझं मत आहे, कारण तुमचा एक स्पॉट चुकला तर टेलिकास्ट सर्टिफिकेट (जाहिरात कधी दाखवली त्याचा दाखला) आणि एजन्सीचा रिलीज ऑर्डर (जाहिरातीची लेखी मागणी) जुळत नाही, बिल अडकतं, आणि मेक-गुड म्हणून तेवढे सेकंद फुकट द्यावे लागतात. प्राइम टाइममध्ये दिलेलं मेक-गुड म्हणजे विकता आले असते असे सेकंद गेले.

म्हणून मुलाखतीत ‘मी लॉग बनवते’ असं सांगू नका. तुम्ही आल्यावर महिन्याला ड्रॉप (दाखवायच्या राहून गेलेल्या जाहिराती) किती कमी झाले, मेक-गुडचे किती सेकंद वाचले, बिलावरचे वाद किती दिवसांत मिटायला लागले, ते काढा. हे आकडे तुमच्या सिस्टिममध्ये आहेत. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर नेऊ नका, प्रमाण सांगितलं तरी पुरतं. काम तेच, पण ते उत्पन्नाच्या भाषेत मांडलं की समोरचा वेगळ्या पट्टीने मोजतो.

दुसरं कारण भाषा. हिंदी मनोरंजन चॅनेलचा दहा सेकंदांचा दर मराठीपेक्षा बराच वर असतो, कारण बाजार देशभराचा. तोच लॉग हिंदीवर बांधला की चुकीची किंमत वाढते, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचीही.

तिसरं म्हणजे मालक कमी झाले. १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्नेचं एकत्रीकरण पूर्ण झालं, तेव्हापासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच छपराखाली आहेत. पूर्वी एकीकडे नाही जमलं तर दुसरीकडे जाता यायचं. सोनी आणि झीचं लग्न जानेवारी २०२४ मध्ये मोडलं, म्हणून निदान ती दोन दारं वेगळी राहिली. मागणारे कमी झाले की ‘टाइट आहे’ म्हणणं सोपं जातं.

हिशेबी

ताई, मी अकाउंट्समधला. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीने मांडतो.

रिटेनर: वर्षाला १३,२०,०००. काहीच खर्च दाखवला नाही असं धरलं तर कर सेससकट साधारण ८१,०००. कापला जाणार १,३२,०००, म्हणजे सुमारे ५१,००० रिटर्न भरल्यावर परत. वर्षाचे हातात १२ लाख ३९ हजार. उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणीची गरज नाही.

नोकरी: व्हेरिएबल बाजूला ठेवून ११.५ लाख, त्यातून ते १.२ लाख वजा, म्हणजे महिना ८५,८०० च्या आसपास. तुमचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ७९,६००. कर शून्य, कारण व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून तुम्ही १२ लाखांच्या आतच राहता. वर्षाला हातात ९ लाख ५५ हजार, वर दोन्ही बाजूंचा पीएफ १ लाख ४४ हजार. एकूण ११ लाखांच्या जवळ. व्हेरिएबल निम्मं आलं तर १२, पूर्ण आलं तर १३.

दर महिन्याचा फरक वीस-चोवीस हजारांचा दिसतो, पण वर्षाच्या शेवटी तो जवळजवळ मिटतो. शिवाय रिटेनरमधून मेडिक्लेम स्वतः काढायचा, आजारी पडलात तर ते पैसे गेले, आणि पाच वर्षांनंतरची ग्रॅच्युइटी नाही.

धाग्याची मालकीण

@हिशेबी, तुमचा हिशेब घरी सगळ्यांना वाचून दाखवला. इतका मोकळा करून कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

ईपी_गोरेगाव

मी मालिकांवर कार्यकारी निर्माता, कायम कॉन्ट्रॅक्टवर. आमच्याकडे नव्वद दिवसांनी पैसे ही जुनी रीत आहे, कलाकारांपासून तंत्रज्ञांपर्यंत सगळ्यांना. कागदावरचे ४५ दिवस कधी सुरू होतात ते विचारा. बिल दिल्यापासून की त्यांनी ते मंजूर केल्यापासून? यात अख्खा महिना जातो. सुरुवातीचे तीन महिने घरखर्च चालेल इतकी गंगाजळी असेल तरच रिटेनरच्या वाटेला जा.

रिटेनर वाईटच असं नाही. एकाच वेळी दोन-तीन कामं करता आली तर तो नोकरीपेक्षा चांगला. पण तुम्हाला रोज दहा ते सात हजर राहायला सांगताहेत का? दुसरं काम घ्यायला बंदी आहे का? तसं असेल तर ती नोकरीच आहे, फक्त नोकरीचे हक्क काढून घेतलेत.

मीनल_एचआर

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, मी लिहिते. खासगी प्रश्न आहे, उत्तर इथे द्यायची गरज नाही. पुढच्या काही वर्षांत मूल होऊ देण्याचा विचार असेल तर रिटेनरला प्रसूती रजा नाही. पगारी नोकरीत पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा २०१७ च्या दुरुस्तीपासूनचा हक्क आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. तुमच्या ऑफरप्रमाणे ती रक्कम पाच लाखांच्या वर जाते. हिशेबीदादांच्या तक्त्यात हा रकाना घाला आणि मग बघा. चॅनेलमधल्या कितीतरी मुलींनी दर महिन्याच्या आकड्याकडे बघून कॉन्ट्रॅक्ट घेतलं आणि नेमक्या त्या वेळी काम सोडावं लागलं, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून कळकळीने सांगते.

व्हेरिएबलबद्दल तीन प्रश्न विचारा. किती भाग कंपनीच्या कमाईवर आणि किती तुमच्या कामावर? मागच्या दोन वर्षांत या ग्रेडला प्रत्यक्ष किती टक्के दिलं? मध्येच सोडलं तर प्रमाणात मिळतं का? आणि त्यातले निदान ५०,००० फिक्स्डमध्ये हलवा असं सरळ मागा. सध्याचा पगार किती हा प्रश्न आला की पुढच्या कामाच्या जबाबदारीवर बोला. ९ लाखांवर किती टक्के वाढ, या चर्चेत शिरलात की तुमचा आधीचा कमी पगार तुमच्याबरोबर पुढे येतो. बायकांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं साचत जातं.

वर्षभर स्पर्धकाकडे न जाण्याच्या कलमाला फार घाबरू नका. करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे काम सोडल्यानंतरची अशी बंदी आपल्या कोर्टात सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र पाळावी लागते.

ठाणेकर_डिजिटल

थोडी विरुद्ध बाजू मांडतो. उद्योग संघटना फिक्की आणि सल्लागार कंपनी ईवाय यांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये डिजिटलने टीव्हीला मागे टाकलं, माध्यम-मनोरंजनाच्या एकूण कमाईत ३२ टक्के वाटा घेऊन. शेड्युलिंगचं कौशल्य फक्त टीव्हीपुरतं ठेवलं तर दहा वर्षांनी अडचण होईल. पण त्यासाठी आजच रिटेनर घ्यायला हवा असं नाही. मोठ्या ब्रॉडकास्टरकडे ओटीटीसुद्धा असतं. तिथे मेटाडेटा (प्रत्येक कार्यक्रमाची नोंदवलेली माहिती), हक्कांच्या मुदती, जाहिरातींचं डायनॅमिक इन्सर्शन (प्रेक्षक बघून आपोआप जाहिरात बसवणं) शिका. कोणता कंटेंट कोणत्या देशात कधीपर्यंत दाखवता येतो, हे ज्याला तोंडपाठ असतं त्याला कंपनी सहजासहजी सोडत नाही.

अवांतर: बीएमएमनंतर मायका किंवा सिम्बायोसिससारख्या संस्थेतून मॅनेजमेंटचा कोर्स केला तर पहिली नोकरी वरच्या आकड्यावर लागते हे खरं. तुमच्या अनुभवाच्या टप्प्यावर त्यासाठी दोन वर्षं घालवू नयेत असं मला वाटतं.

धाग्याची मालकीण

सगळ्यांच्या उत्तरांनंतर दोन्हीकडे बोलले.

अंधेरीवाल्यांनी सांगितलं की ४५ दिवस बिल मंजूर झाल्यापासून, वेळ दहा ते सात, आणि दुसरं काम चालणार नाही. ईपीदादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

विक्रोळीला ड्रॉप आणि मेक-गुडचं प्रमाण मांडलं. समोरच्या ऑपरेशन्स हेडनी त्यावरच सगळ्यात जास्त वेळ प्रश्न विचारले. व्हेरिएबल साठ टक्के कंपनीच्या कमाईवर आहे. मागच्या वर्षी किती दिलं ते तोंडी सांगितलं, लेखी द्यायला तयार नाहीत. फिक्स्डमध्ये ५०,००० हलवायला मात्र तयार झाले, सुधारित पत्र येणार आहे. मीनलताई, तुमचा मुद्दा वाचून मी आणि नवरा बराच वेळ बोललो. आमचं ठरलं.

शेवटचा प्रश्न. माझी नोटीस ९० दिवसांची आहे आणि त्यांना मी ४५ दिवसांत हवी आहे. आत्ताच राजीनामा देऊ का?

मीनल_एचआर

अभिनंदन! सुधारित पत्र सहीसह हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, तोंडी आश्वासनावर तर नाहीच. नोटीस विकत घ्यावी लागली (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटायचं झालं) तर ती रक्कम नवी कंपनी देणार का, हे त्याच पत्रात लिहून घ्या. राजीनामा ईमेलने द्या आणि त्यात शेवटचा दिवस स्पष्ट लिहा.

पीएफ काढू नका, जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) ट्रान्सफर करा. आणि याच चॅनेलमध्ये तुमची सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमची आहे: ग्रॅच्युइटीसाठी धरलेला शेवटचा महिन्याचा पगार (मुख्यतः बेसिक) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ती ३० दिवसांत द्यावी लागते. फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर ही ओळ दिसली नाही तर लगेच ईमेल टाका.