मदत हवी: फ्लॉवर, टोमॅटो, कांदा, झेंडू यांचं नेमकं कोणतं बी घेऊ? रविवारी पेरायचंय

गच्चीवरची_बाग | २० सप्टेंबर, सकाळी ९:१०
नमस्कार. रविवारच्या आत बी आणायचंय, म्हणून जरा लवकर सांगा. फ्लॉवर, टोमॅटो, कांदा, गाजर; फुलांत झेंडू, पेटुनिया, पॅन्झी. दुकानदार म्हणतो सगळंच चांगलं आहे, कुठलंही न्या. मला फक्त वाणांची नावं हवीत. मागच्या खेपेला फ्लॉवरला नुसता पाला आला, गड्डा धरलाच नाही. टोमॅटोची पानं आखडली. खत-पाणी व्यवस्थित होतं, त्यामुळे त्यावर सांगू नका. बी खराब होतं एवढं नक्की.

वाफा | सकाळी ९:३२
ताई, गाव कोणतं? फ्लॉवर पेरला कोणत्या महिन्यात? पाकिटावर वाणाचं नाव काय होतं? जमीन की कुंडी, आणि ऊन किती तास? एवढं कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

हिरवी_पालवी | सकाळी ९:४०
कोथिंबिरीसाठी वाणाच्या मागे लागू नका. धणे चपलेखाली हलके रगडून दोन डाळिंब्या सुट्या करा, बारा तास भिजवा, अर्धा इंच खोल टाका. अख्खे टाकले तर उगवण विरळ होते.

गच्चीवरची_बाग | सकाळी ९:५१
कोथिंबीर विचारली नाहीये. इंदूर. गच्ची, १२ इंची गमले, ऊन भरपूर. फ्लॉवर जूनच्या शेवटी पेरला होता, ऑक्टोबरअखेर उपटून टाकला. पाकीट फेकलं. बहुतेक स्नोबॉल लिहिलं होतं.

बोरॉन_बघा | सकाळी १०:०५
गड्डा न धरणं म्हणजे बोरॉन कमी. बोरॅक्स एक ग्रॅम लिटरभर पाण्यात घालून फवारा, दहा दिवसांनी पुन्हा.

माळव्याची_माती | सकाळी १०:२८
बोरॉन कमी पडलं तर दांडा आतून पोकळ होतो आणि गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात. म्हणजे आधी गड्डा असावा लागतो. इथे गड्डाच नाही.

ताई, बी खराब नव्हतं, महिना चुकला. फ्लॉवरचे वाण थंडीनुसार गटांत मोडतात. पूसा दीपाली, पूसा मेघना हे लवकरचे. मे-जूनमध्ये पेरायचे, वीस ते सत्तावीस अंशांत गड्डा धरतात. पूसा शरद मधला, त्याला सोळा-वीस अंश लागतात. पूसा स्नोबॉल के-१ हा उशिराचा, त्याला दिवसरात्रीची सरासरी दहा ते सोळा अंश हवी. जूनमध्ये पेरलेला स्नोबॉल ऑक्टोबरपर्यंत पानंच वाढवत बसणार, त्याला गड्ड्याचा इशारा देणारी थंडी तोवर मिळालेलीच नसते. उलट चूकही होते: लवकरचा वाण थंडीत लावला की रोप लहान असतानाच लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो. म्हणून दुकानात "चांगलं बी द्या" म्हणू नका, "सप्टेंबरात पेरायचा फ्लॉवर द्या" म्हणा.

लष्कर_ग्वाल्हेर | सकाळी ११:०२
मग आता स्नोबॉल के-१ च घ्या. सप्टेंबरअखेर पेरणी, ऑक्टोबरअखेर लावणी, जानेवारीअखेर गड्डा. पांढराशुभ्र, घट्ट. दुसरं काही बघू नका.

माळव्याची_माती | सकाळी ११:२०
ग्वाल्हेरला बरोबर आहे. तिथे जानेवारीत दिवसदिवस धुकं असतं, ऊनच पडत नाही. इंदूरला जानेवारीत पहाटे दहा अंश असले तरी दुपारी पंचवीसच्या पुढे जातं, सरासरी अठराच्या आसपास येते. गच्चीवरच्या सिमेंटची धग वेगळी. स्नोबॉल इथे काठावर आहे; थंडी महिनाभर टिकली तर धरेल, नाहीतर गड्डा सैल होऊन दाणेदार होईल. पूसा शरद घ्या. आज पेरलं तर चार आठवड्यांत लावणी, पुढे ऐंशी-पंच्याऐंशी दिवस, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन थंडीत.

लष्कर_ग्वाल्हेर | सकाळी ११:३४
शरदची पेरणी जुलैअखेर ते ऑगस्ट. तुम्ही आता पेरायला सांगताय, बटण होईल, म्हणजे तोच लिंबाएवढा गड्डा.

माळव्याची_माती | सकाळी ११:४९
ती तारीख दिल्लीच्या थंडीची. तिथे डिसेंबर इंदूरच्या जानेवारीपेक्षा गार. बटण होण्याची दुसरी कारणं म्हणजे रोप सहा-सात आठवडे ट्रेमध्ये अडकून पडणं किंवा वाढीच्या वेळी उपाशी राहणं. चार-पाच पानांचं, पेन्सिलपेक्षा बारीक मानेचं रोप लावा. मान जाड आणि लाकडासारखी झाली असेल तर ते रोप घेऊच नका, मग वाण कुठलाही असो. १२ इंची कुंडीत एकच रोप.

गच्चीवरची_बाग | दुपारी १२:१०
तुम्ही दोघं ठरवा. दोन्ही अर्धी-अर्धी लावते. टोमॅटो?

वाफा | दुपारी १२:२५
पानं कशी आखडली? शेंड्याची नवी पानं बारीक, वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळट? की खालची जाड पानं दुपारी गुंडाळली जायची?

गच्चीवरची_बाग | दुपारी १२:३१
शेंडा. बारीक, पिवळट. झाड खुजं राहिलं.

वाफा | दुपारी १२:५०
मग तो विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. बोकड्या म्हणतात तोच. लागल्यावर औषध नाही. बंगळूरच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक घ्या. तो संकरित आहे आणि बोकड्या, जिवाणू मर, लवकर येणारा करपा, तिन्हींना प्रतिकारक आहे. तरी रोपं पंचवीस दिवसांची होईपर्यंत ट्रेवर बारीक नायलॉनची जाळी हवीच. लहानपणी लागण झाली की प्रतिकारक वाणही मागे पडतो. १२ इंची कुंडी त्याला लहान आहे, १६ ची घ्या.

देशी_वाण | दुपारी १:१५
पुन्हा संकरित! त्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत एक झाड असं, एक तसं. दर वर्षी पाकीट विकत घ्या. अर्का विकास घ्या, सरळ वाण आहे, पिकलेल्या फळातून बी काढा, दोन दिवस आंबवून धुवा, सावलीत वाळवा.

वाफा | दुपारी १:३०
बी धरायचंय असं त्यांनी म्हटलेलंच नाही. आणि अर्का विकासला बोकड्याचा प्रतिकार नाही, तक्रार तर तीच आहे. चार झाडांना एक पाकीट तीन हंगाम पुरतं. टोमॅटोचं बी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात तीन-चार वर्षं चालतं.

देशी_वाण | दुपारी १:४२
कांद्याचं नाही चालत, एवढं लिहा. वर्षभरात उगवण जाते.

माळव्याची_माती | दुपारी २:०५
अगदी खरं. म्हणून कांद्याच्या पाकिटावरची तारीख सगळ्यांत आधी बघा. बी तपासल्याची तारीख असते, त्यापुढे नऊ महिने मुदत. उगवण कांद्याला आणि टोमॅटोला किमान ७० टक्के, गाजर आणि मिरचीला ६०. शंका असेल तर वीस बिया ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवा, कांद्याच्या दहा दिवसांनी मोजा. चौदापेक्षा कमी फुटल्या तर परत करा.

कांदा आता पेरू नका. एन-५३, अॅग्रीफाउंड डार्क रेड हे खरिपाचे, जूनमध्ये पेरायचे. तुम्हाला रब्बीचा हवा: एन-२-४-१, अॅग्रीफाउंड लाईट रेड किंवा भीमा शक्ती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपं, डिसेंबरात लावणी. खरिपाचा वाण थंडीत लावला तर डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, जोड कांदे होतात. गच्चीवर पाच-सहा इंच खोल पसरट ट्रे पुरतो.

अलकापुरी | दुपारी २:२०
गिलकीचं बी पण आत्ताच घेऊन ठेवा, फेब्रुवारीला लागेल. आमच्याकडे बडोद्यात गलका म्हणतात.

वाफा | दुपारी २:२४
गिलकी म्हणजे घोसाळी ना? आणि इंदूरचा बटला म्हणजे मटार?

अलकापुरी | दुपारी २:३०
हो, घोसाळी. धारवाली ती तुरई, तुमचा दोडका. बटला तुमचा मटार, आमचा वटाणा. मटारात अर्केल घ्या, ऑक्टोबरात पेरा, लवकर येतो, बुटका आहे, काठ्या कमी लागतात.

गच्चीवरची_बाग | दुपारी २:४१
मटार नको. गाजर आणि फुलं सांगा. झेंडू दिवाळीला हवा.

लष्कर_ग्वाल्हेर | दुपारी ३:१०
दिवाळीला बी पेरून जमणार नाही, कळ्या आलेली रोपं विकत आणा. पूसा नारंगी गेंदा आज पेरलात तर मोठी फुलं फेब्रुवारीत. आधी फुलं हवी असतील तर पूसा अर्पिता, लहान फुलाचा, थंडीभर फुलतो. गाजरात लाल हवं तर पूसा रुधिरा, आता पेरा. नारिंगी नॅन्टिस ऑक्टोबरअखेर. १२ इंची कुंडीत रुधिराची मुळं बुडाला टेकून वाकतात, आखूड नॅन्टिस सोयीचं. तुमच्याकडची काळी माती नुसती भरू नका, निम्मी वाळू मिसळा, नाहीतर गाजराला दोन-तीन पाय फुटतात.

हिरवी_पालवी | दुपारी ३:४५
पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं, चिमटीत धरलं तर बोटालाच राहतं. चमचाभर बारीक वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर भुरभुरा आणि वर माती मुळीच टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी वरून घातलं की बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून शोषू द्या. गोळी केलेलं बी मिळालं तर ते घ्या, पण गोळी एकदा भिजल्यावर वाळली तर आतला अंकुर मरतो. पॅन्झी उलट: अंधार आणि गारवा हवा, बावीस अंशांच्या वर रुसते. तिला ऑक्टोबरचा शेवट येऊ द्या.

गच्चीवरची_बाग | सायंकाळी ५:५५
छावणीतून बी आणलं. पूसा शरद मिळाला, के-१ ही आहे. अर्का रक्षक नाही, तो मागवावा लागेल. शरदचं बी गुलाबी रंगाचं आहे, पाकिटातून हाताला रंग लागतोय. भेसळ आहे का?

वाफा | सायंकाळी ६:१०
भेसळ नाही, बुरशीनाशक लावलंय, बहुधा थायरम. हात साबणाने धुवा, मुलांपासून लांब ठेवा, उरलेलं पक्ष्यांना टाकू नका. त्यावर पुन्हा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावू नका, थायरम तिलाही मारतं. पाकिटावरची तपासणीची तारीख वाचून सांगा.