झिंकवालं पॉलिमर डीएनए धरतच नाही, चुकतंय कुठे?

सुपारीवाला_रत्नागिरी:
नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रकल्प. २५ किलोडाल्टन रेणुभाराचं पीईआय (पॉलिएथिलिनइमाईन, एक पॉलिमर) जीन पेशीत पोचवतं खरं, पण पेशीही मारतं. म्हणून १.८ वालं सौम्य पीईआय घेऊन त्याला झिंक धरून ठेवणारं डायपिकोलिलअमाईन जोडलं, त्यात झिंक भरलं. झिंक डीएनएचं फॉस्फेट धरेल, असा हिशोब. पण वीज लावून डीएनए पळवतात त्या जेलवर डीएनए वेलमधून, म्हणजे वरच्या खाचेतून, सरळ खाली पळतो, जणू काही घातलंच नाही! २५ वालं मात्र त्याला वेलमध्येच अडकवतं. त्यात जुलै. झिंक क्लोराईड बटर पेपरवर घेतलं, तर काटा स्थिर होईपर्यंत त्याचं पाणी. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं.

खाडीपलीकडचा:
प्लाझ्मिड, म्हणजे तुझा गोल डीएनए, कशात ठेवलंयस? पॉलिमरशी मिसळलंस कशात?

सुपारीवाला_रत्नागिरी:
टीई बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). मिसळलं पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या बफरमध्ये.

खाडीपलीकडचा:
मग आणखी काय होणार, मेल्या! टीईतला 'ई' म्हणजे ईडीटीए, १ मिलीमोलर. कृषी केंद्रातून कलमांना चिलेटेड झिंक आणतोस ना? त्यात झिंकला मिठी मारून बसलेला असतो तोच हा. तुझ्या पॉलिमरचं झिंक तो काढून घेतो. आणि पीबीएसमध्ये फॉस्फेट फुकट मिळत असताना झिंक डीएनएकडे कशाला बघेल? हेपेस बफरमध्ये मिसळ, त्यात फॉस्फेट नसतं. जेल टीएई बफरमध्ये चालवलं असशील तर त्यातही ईडीटीए आहे. म्हणजे पॉलिमरने डीएनए धरला असला तरी जेलमध्ये सुटला असेल. बिनईडीटीएचं ट्रिस-ॲसिटेट करून बघ.

बाष्प_आणि_बफर:
दादा, पावसाळ्यात झिंक क्लोराईड तोलायचा नाद सोडा. सल्फेट हेप्टाहायड्रेट घ्या, त्याचं असं पाणी होत नाही. क्लोराईडच हवं असेल तर अंदाजे द्रावण करून पीएच १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक टाकून ईडीटीएने टायट्रेट करा (थेंबथेंब घालून झिंक मोजा), लाल गेलं आणि निळं आलं की थांबा. यात ईडीटीए कामाला येतो, बिचाऱ्याला शिव्या पुरे. नंतर पॉलिमरचं डायलिसिस (सुटं झिंक पडद्यातून बाहेर काढणं) विसरू नका, सुटं झिंकही पेशींना झेपत नाही. आणि बिनझिंकचं पॉलिमर शेजारच्या वेलमध्ये लावा, नाहीतर डीएनए झिंकने धरला की पीईआयच्या अमाईननी, कळणार कसं?

सुपारीवाला_रत्नागिरी:
टीएईच होतं. आमच्या सरांना सांगू नका. प्लाझ्मिड इथेनॉलने पुन्हा खाली बसवून, ७० टक्क्याने धुऊन नुसत्या ट्रिसमध्ये घेतोय. लाईट टिकली तर रात्री जेल लावतो.