एसटीतली गंमत रेल्वेत का उतरली नाही

'नवरा माझा नवसाचा २' या सिनेमाची रंगत गाण्यांमुळे गेली, असं म्हणतात; ते अर्धंच पटतं. गाणी पहिल्या भागाच्या तोडीची नाहीत, हे खरंच. पण खरा घोळ वाहन बदलण्यात आहे. २००४च्या सिनेमात अख्खी मंडळी मुंबईहून गणपतीपुळ्याला एसटीने निघतात. एसटी म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सीटांची एकच खोली, मधे एक वाट. एकाने तान घेतली की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते, एकाचं भांडण सगळ्यांचं होतं. आणि कंडक्टर! एक घंटी दिली की गाडी थांबते, डबल दिली की सुटते. म्हणजे प्रसंग कुठे तोडायचा याची दोरी कंडक्टर झालेल्या अशोक सराफांच्याच हातात. विनोदी नटाला याहून चांगलं काय हवं?

२०२४च्या भागात हाच प्रवास कोकण रेल्वेने होतो आणि ते टीसी आहेत. टीसी तिकीट बघतो नि पुढे जातो. गाडी त्याच्या मर्जीने थांबत नाही. शिवाय रेल्वेचा डबा कप्प्याकप्प्यांचा. जुन्या पद्धतीच्या स्लीपरमध्ये ७२ बर्थ, आठ-आठचे नऊ कप्पे. एका कप्प्यातला विनोद तिसऱ्यात पोचतच नाही, मग सगळ्यांना गाण्यात ओढायचं तर पात्रांना मुद्दाम वाटेत आणून उभं करावं लागतं. ते जाणवतं. त्यात कोकण रेल्वे गणपतीपुळ्याला जात नाही. रत्नागिरीला उतरून पुढचे तीसेक किलोमीटर रस्त्यानेच जायचं. एसटीचा प्रवास मात्र देवाच्या दारापर्यंत सलग चढत नेता येतो.