मदत हवी आहे: ॲक्सेसचा फॉर्म नवी नोंद घेतच नाही

पेठेतला_सभासद
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची क्रमवार यादी, ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवायच्या प्रोग्रॅममध्ये आहे. मंगळवारपासून नवीन पुस्तक चढवलं की हे येतं: 'यू कॅनॉट ॲड ऑर चेंज अ रेकॉर्ड बिकॉज अ रिलेटेड रेकॉर्ड इज रिक्वायर्ड इन टेबल प्रकाशक', म्हणजे प्रकाशकांच्या टेबलात जुळणारी नोंद असल्याशिवाय ही चढणार नाही. ओके केलं तरी पुढच्या नोंदीवर जाता येत नाही. प्रकाशकाचा रकाना मी भरतच नाही, कोरा सोडतो. मग तिथे चूक कशी? देणगीत आलेली पेटीभर पुस्तकं टेबलावर पडून आहेत.

कोथरूडकर_७२
फाइलची प्रत काढा आणि 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' करा. आमच्या दुकानात दर महिन्याला करतो, कधी अडत नाही.

पेठेतला_सभासद
कालच केलं. तेच येतंय.

सिंहगड_रोड
मंगळवारच्या आधी काय बदललं? जुन्या नोंदी उघडतात का?

पेठेतला_सभासद
काहीच बदललं नाही. जुन्या सगळ्या उघडतात. रविवारी ओळखीतला एक मुलगा आला होता, त्याने प्रकाशकांचं वेगळं टेबल करून दोन्ही जोडून दिली, फॉर्मवर यादीही आली. पण त्याने समोर एक पुस्तक चढवून दाखवलं होतं, तेव्हा चाललं.

मुळाकाठ
ॲक्सेस सोडा, कोहा घ्या. खास ग्रंथालयासाठी केलेलं आहे, फुकट आहे, २००० सालापासून वापरात आहे.

कोथरूडकर_७२
आणि तो सर्व्हर सांभाळणार कोण? चार जण आळीपाळीने बसतात तिथे. त्यापेक्षा एक्सेल बरं.

मुळाकाठ
एक्सेलमध्ये एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना पडला तर अडवणार कोण, ते सांगा आधी.

ग्रंथपाल_मावशी
वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा आकडा, टाकता की नाही? ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६. पुस्तक हातात असतानाच टाकलेला बरा, नंतर कपाट पुन्हा उपसावं लागतं. आम्ही उपसलंय.

सिंहगड_रोड
मावशी, वर्गांकाचं नंतर बघू. सभासद, त्या मुलाने प्रकाशक निवडून दाखवला असणार, म्हणून तेव्हा चाललं. तुम्ही सोडता तो रकाना दिसायला कोरा आहे, आत ० आहे. नंबरच्या फील्डला, म्हणजे रकान्याला, ॲक्सेस बरेचदा स्वतःच डिफॉल्ट व्हॅल्यू (आपण काही न भरता आपोआप पडणारी किंमत) ० लावतो. यादीत ० क्रमांकाचा प्रकाशक नाही, म्हणून काही दिसत नाही. पण सेव्ह करताना तो ० जुळवून बघतो आणि अडतो. खरोखर रिकामं असेल तर अडत नाही. जुन्या नोंदींत हे फील्ड नंतर आलं, डिफॉल्ट फक्त नव्या नोंदींना लागतो, म्हणून त्या सुखरूप आहेत.
पुस्तकांचं टेबल उघडून अगदी खालची चांदणीची (*) ओळ बघा, नवी नोंद तिथे होते. प्रकाशकाच्या रकान्यात ० दिसतोय का?

पेठेतला_सभासद
हो! ० आहे. इतके दिवस त्या ओळीकडे कधी बघितलंच नव्हतं.

सिंहगड_रोड
अडकलेली नोंद आधी दोनदा एस्केप दाबून सोडा. मग टेबल डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, ते फील्ड निवडा, खाली 'डिफॉल्ट व्हॅल्यू'समोरचा ० पुसा, 'रिक्वायर्ड' नो ठेवा, सेव्ह करा. फॉर्मवरच्या यादीच्या प्रॉपर्टीतही ० असेल तर तोही काढा. टेबलांची जोडणी मात्र तोडू नका, ती बरोबर आहे.

पेठेतला_सभासद
चाललं! मुखपृष्ठ फाटलेलं एक पुस्तक प्रकाशकाशिवाय गेलं. मनापासून आभार.
एक सांगायचं राहिलं. मंगळवारी कंटाळून १७ पुस्तकांना यादीतला पहिलाच प्रकाशक लावून सेव्ह केलं. आता ती कशी शोधू?

सिंहगड_रोड
हे आधी सांगायला हवं होतं. ती पुस्तकं उद्या कुणीतरी त्याच प्रकाशकाची म्हणून शोधेल. त्या मुलाने चढवलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक बघा, त्याच्या पुढचे आणि तो पहिला प्रकाशक असलेले, असा फिल्टर लावा. १७ च्या १७ येतात का ते मोजा. मग पुस्तक हातात घेऊन खरं नाव लावा, सापडलं नाही तर रकाना पुसा.

ग्रंथपाल_मावशी
शीर्षकपानाच्या मागची बाजू बघा, प्रकाशकाचं नाव बहुतेकदा तिथे मिळतं. आणि पुस्तक हातात असेलच, तर वर्गांक.

पेठेतला_सभासद
१७ आले. ११ जणांची नावं मागच्या बाजूला मिळाली, ६ कोरे ठेवले. मावशी, पेन्सिलीने वर्गांकही लिहायला घेतलेत.