मदत हवी आहे: नॅनो सिलिका तळाला बसतेय, कोअर तुंबला, अर्जंट

फोंडेकर_०७: एमटेकचा प्रोजेक्ट आहे, खडकात उरलेलं तेल नॅनोफ्लुइड (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं पाणी) सोडून काढायचंय. जुलैत हेच द्रावण आठवडाभर स्वच्छ राहिलं, आता नोव्हेंबरात तीच पावडर, तेच ०.०५ टक्के, तोच सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण पाण्यात पसरवणारं यंत्र) आणि संध्याकाळपर्यंत खाली गाळ. काल तसंच कोअरमध्ये (प्रयोगाच्या खडकाच्या दंडगोल तुकड्यात) सोडलं तर प्रेशर चढतच गेलं, पंप बंद करावा लागला. बेरिया नावाच्या खडकाचा कोअर आहे, दुसरा मागवायला पैसे नाहीत. सोमवारी सरांना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

बेतुलवाला: कण किती नॅनोमीटरचे? झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणांवरचा विद्युतभार, मोजलंस का? आणि पाणी कुठलं?

फोंडेकर_०७: १५ चे. झीटाचं मशीन बंद आहे. पाणी नेहमीचंच.

दर्यावर्दी: नॅनोच्या नादाला लागूच नकोस. मी बरीच वर्षं सरफॅक्टंटवर (साबणासारख्या रसायनावर) काम केलंय, तेच घाल, तेल सुटतं.

बेतुलवाला: दादा, सरफॅक्टंट निम्मा खडकालाच चिकटून बसतो. त्याला खडकाची तेलाची ओढ मोडून पाण्याची लावायचीय, सिलिका तेच करते. त्याचा प्रश्न गाळाचा आहे.

मडगावची_मुलगी: गोव्यात तेल आहे कुठे? त्यापेक्षा पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात त्यावर हे कण वापरा ना, कोलव्याला पाय काळे होतात अगदी.

बेतुलवाला: ताई, त्याचा वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथे. फोंडेकर, "नेहमीचं" म्हणजे कुठलं?

फोंडेकर_०७: समुद्राचं हो. मिरामारहून कॅन भरून आणतो, गाळून घेतो.

बेतुलवाला: मग इथेच आहे सगळं! मिरामार म्हणजे मांडवीचं तोंड. जुलैत तिथे नदीचं पाणी मिसळलेलं असतं, आता तू खरा समुद्र भरून आणलास, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, त्यात मॅग्नेशियम १३०० आणि कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या घरात. सिलिकाच्या कणांवर ऋणभार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, हे दोन आयन तो भारच झाकून टाकतात, मग गुठळ्या होतात आणि त्या खडकाच्या बारीक छिद्रांत अडकतात. थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच उतरव, नाहीतर क्षार वजन करून स्वतः पाणी बनव.

दर्यावर्दी: ॲसिड? मुंबई हायसारखा चुनखडक असला तर खडकच विरघळेल!

बेतुलवाला: बेरिया वाळूचा आहे दादा. तरी आधी परीक्षानळीत बघ.

दर्यावर्दी: बरं. कोअर फेकू नकोस, उलटा बसवून गोड्या पाण्याने हळूहळू धू.

बेतुलवाला: गोडं अजिबात नको, बेरियातली क्ले (चिकणमाती) सुटून आणखी तुंबेल. नुसत्या मिठाच्या पाण्याने धू.

फोंडेकर_०७: केलं. नुसत्या मिठाची नळी सकाळपर्यंत स्वच्छ, मॅग्नेशियमची दोन तासांत गढूळ. पण मग जुलैचे रिझल्ट कशाशी जोडू? तेव्हा क्षारता मोजलीच नव्हती.

बेतुलवाला: जुलैचा कॅन धुतलास का? तळाला थोडं उरलं असेल तर आजच टायट्रेशनने त्यातलं क्लोराइड मोज, त्यावरून क्षारता कळेल.

फोंडेकर_०७: कॅन हॉस्टेलवर आहे, निघालो.