अंगावरचे केस, आरसा आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

निवांतराव
काल भाचा आरशासमोर उघडाबंब उभा. छातीवर नवे आलेले चार केस बोटाने विंचरत होता. "मामा, बघ!" जग जिंकल्याचा चेहरा. मी "वा" म्हटलं खरं, पण पोटात कालवलं. त्याच्या वयाचा असताना मी तेच केस आईच्या चिमट्याने उपटायचो, दाराला कडी लावून. आपल्याला मुलगे आवडतात हे कळलं होतं, आणि तसल्या मुलांचे जे फोटो चोरून पाहायला मिळायचे त्यात सगळे कसे तुळतुळीत. आपण तसे नाही, म्हणजे आपण कोणालाच आवडणार नाही, असा सरळ हिशोब. केस उपटला की तिथे लाल पुळी, पुळीवर पावडर. पुढे पहिल्यांदा ज्याने जवळ घेतलं तो म्हणाला, "हे कशाला काढतोस रे?" मला उत्तरच सुचेना.
लिहा मंडळी. केस असण्याचं, नसण्याचं, गळण्याचं. गे नसलेल्यांनीही लिहा, फक्त उपदेश नको.

झिपऱ्या
पाठ.
माझी पाठ. इतकंच लिहून थांबावं वाटतंय. शाळेत अस्वल म्हणायचे. तलावात टीशर्ट घालून पोहणारा तो मीच. मग कळलं, 'बेअर' म्हणजे अस्वल म्हणवून मिरवणारी, अंगाने भरलेल्या केसाळ गे पुरुषांची अख्खी जमात आहे आणि तिथे माझा भाव चढा आहे! पहिल्यांदा अशा घोळक्यात गेलो तर एकाने पाठीवर हात फिरवून लांबच्या मित्राला हाक मारली, "अरे इकडे ये, हे बघ." लाजून अर्धमेला झालो. पण टीशर्ट काढला तो काढलाच.

कोरा_कागद
तुमचं बरंय. माझ्या छातीवर पाटी कोरी, दाढीपण तुकड्यातुकड्यांत. विशीत 'ट्विंक' होतो, म्हणजे सडपातळ, तुळतुळीत पोरगा, मागणी चिक्कार. तिशी ओलांडली, पोट सुटलं आणि एकदम कुठल्याच खान्यात बसेना. डेटिंग अ‍ॅपवर 'प्रकार' निवडा म्हणतात तिथे अंगठा हवेत धरून बसलो होतो. शेवटी रिकामं सोडलं.

झिपऱ्या
ऑटर लिही की.

कोरा_कागद
ऑटर म्हणजे सडपातळ आणि केसाळ. दोन्ही विषयांत नापास :)

जुनं_खोड
खान्यांचा विषय निघालाच आहे तर घ्या, म्हातारा बडबडतोय समजा. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो या गे वस्तीच्या भागात मिशी, घट्ट जीन्स, उघड्या गळ्यातून डोकावणारे केस हीच फॅशन. ऐंशीच्या दशकात एड्स आला. ओळखीची माणसं डोळ्यांदेखत वाळत गेली. अशा काळात भरलेलं अंग, ढेरी म्हणजे 'हा धडधाकट आहे' असा दिलासा वाटायचा. बेअर मंडळींचा जोर वाढला त्यामागे हेही एक कारण सांगतात. दुसरीकडे मासिकांत सगळी पोरं भादरलेली. त्याला कंटाळून १९८७ मध्ये तिथेच 'बेअर' नावाचं मासिक निघालं. १९८९ मध्ये दोन खगोलवाल्यांनी ताऱ्यांच्या वर्गीकरणाच्या धर्तीवर या लोकांची सांकेतिक भाषा केली. दाढीला बी० ते बी९, अंगावरच्या केसांना वेगळं अक्षर, असं करत अख्खा माणूस एका ओळीत. गंमत म्हणून केलेलं, पण लोक खरंच आपल्या नावाखाली लिहायचे. १९९५ चा झेंडाही आहे, अस्वलांच्या निरनिराळ्या रंगांचे पट्टे आणि कोपऱ्यात पंजा.
आता तिथेही जिममध्ये घडवलेल्या 'मसल बेअर'ची चलती. खरा ढेरपोट्या पुन्हा मागच्या रांगेत. मी त्यातलाच, म्हणून बोललो.

मनस्वी_मी
मी बाई, गे वगैरे नाही, तरी घुसते. चिमटा वाचला आणि राहवलं नाही. पीसीओएस आहे, म्हणजे बायकांमधला हार्मोन्सचा बिघाड, हनुवटीवर केस येतात. ज्या केसांनी झिपऱ्याचा भाव चढतो तेच माझ्याकडे आले की लोक डॉक्टरांचे नंबर देतात. वाटून घ्यायची सोय हवी होती.
अवांतर: वस्तरा फिरवला की केस राठ येतात हे खरं का?

बिनधास्त_डॉक
नाही. आधीचं निमुळतं टोक कापलं जातं, बोथट टोक हाताला राठ लागतं, एवढंच. मुळावर काही परिणाम नाही. आत वळून वाढणारे केस मात्र खरा ताप. कुरळे केस मुळाशी घासून काढणाऱ्यांनो, मधेमधे सुट्टी द्या. आणि लेझर करायचं तर केस काळे आहेत तोवर. पांढऱ्यांत रंगच नसतो, लेझर पकडणार काय?

जुनं_खोड
संपलं मग माझं.

नवा_अंकुर
मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मताना मुलगी म्हणून नोंदलेला पुरुष, आणि गे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू झालं तेव्हा रोज मोबाइलचा टॉर्च मारून पोट बघायचो. माझे आधी मांड्यांवर आले, मग बेंबीखाली रेघ, छातीवर सगळ्यात उशिरा. आजूबाजूचे केस वाढून छातीवरच्या शस्त्रक्रियेच्या खुणा झाकल्या. निवांतराव, तुमचा भाचा मला शंभर टक्के कळतो. फक्त त्याच वेळी कपाळ मागे सरकायला लागलं. छातीवर केस आणणारं हार्मोन डोक्यावरचे घालवतं, कारण तिथल्या मुळांचा स्वभावच उलटा. डॉक, बरोबर ना?

बिनधास्त_डॉक
बरोबर. पण प्रत्येकाचं घालवत नाही, आनुवंशिकतेवर आहे.

संथ_लय
आमच्या ह्यांचं सांगतो. छातीत कळ आली म्हणून रात्री धावपळ. ईसीजीच्या चकत्या चिकटेनात, म्हणून सिस्टरांनी जिथे तिथे चौकोन भादरले. मी बाहेर, जीव टांगणीला. आत साहेब म्हणतायत, "दोन्ही बाजूंनी सारखं करा हो, विचित्र दिसेल." निघाली अ‍ॅसिडिटी! नंतर बरेच दिवस ते चौकोन खुंटासारखे टोचायचे. मी कूस बदलून झोपायचो.

मनस्वी_मी
"सारखं करा हो" 😂😂 मेले

फक्त_वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे सगळं आहे, दाढी, छाती, रुंद खांदे. फोटो बघून धावत येतात. मी तोंड उघडलं, हात नाचवले की गार पडतात. एक तर मी बोलत असतानाच उठला, "तू फोटोत तसा वाटला नव्हतास" म्हणाला. 'जाड नको, बायकी नको' असं प्रोफाइलवर लिहिलेलं निदान आधी कळतं. त्यांना केस नको असतात हो, केसांमागे त्यांनी ठरवलेला एक मर्द हवा असतो. तो मी नाही. काही वर्षं आवाज जाड काढून बोलत होतो, घसा दुखायचा.

निवांतराव
लिहीत राहा रे. आणि हात नाचव.

कोरा_कागद
+१. उठून गेलेल्याचं नुकसान.

झिपऱ्या
मधेच विचारतो, पाठीसाठी लांब दांड्याचा ट्रिमर कोणी वापरलाय का? पूर्ण काढायचे नाहीत, उन्हाळ्यापुरते कमी करायचेत.

बिनधास्त_डॉक
चालतो. गार्ड लावून, कोरड्या केसांवर, आंघोळीच्या आधी. पण मधला पट्टा हमखास राहतो. दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेलं बरं.

झिपऱ्या
दुसरा कोणी असता तर दांडा कशाला विचारला असता!

कोरा_कागद
मी रिकामाच आहे. खानाही आणि वेळही.

निवांतराव
धागा स्थळं जमवायला काढलेला नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.